तुम्ही म्हणाल तिथे

मधुचंद्रासाठी कोणते ठिकाण निवडावे, हा नीतीचा प्रश्न आहे असे आम्ही म्हटले, तर आमच्या बहुतेक वाचकांना हसू येईल. तो खिशाचा प्रश्न आहे, रजेचा आहे, गाडीचे आरक्षण मिळण्या-न मिळण्याचा आहे; फार तर आवडीनिवडीचा आहे. त्यात नीती-अनीती कुठून आली? शिवाय या विषयावर वडीलधाऱ्यांनी बोलू नये, असाही संकेत आपल्या घरांतून पाळला जातो. ‘मधुचंद्र’ हा शब्द आपण लिहितो. बोलताना मात्र ‘मुले जरा फिरायला जाणार आहेत’ एवढे म्हणून विषय आवरता घेतो. तरीही या प्रश्नापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. लग्नाची तारीख, सभागृह, जेवणाचा बेत, पत्रिकेवरील नावांचा क्रम हे सारे दोन घरांनी मिळून ठरवलेले असते. ‘आपण कुठे जायचे’ हे मात्र दोघांनी ठरवायचे असते. पतिपत्नी म्हणून त्यांच्या वाट्याला आलेला हा बहुधा पहिला निर्णय होय. तो कसा घेतला जातो, यावरून पुढच्या कितीतरी निर्णयांना वळण लागते.

शब्दापासूनच आरंभ करू. ‘मधुचंद्र’ हे इंग्रजी शब्दाचे सरळ भाषांतर आहे. इंग्रजीत तो सोळाव्या शतकापासून आढळतो. १५५२ साली रिचर्ड ह्युलोएट याने आपल्या कोशात त्याची नोंद केली. त्या काळी प्रवासाशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. लग्नानंतरचा पहिला महिना मधासारखा गोड असतो आणि मग चंद्रकलांप्रमाणे ती गोडी ओसरू लागते, असा काहीसा खवचट अर्थ त्यात होता. म्हणजे मूळ शब्दात काळ आहे, स्थळ नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू घराण्यांतील नवदांपत्ये लग्नाला येऊ न शकलेल्या आप्तेष्टांच्या भेटीसाठी प्रवासाला निघू लागली. आगगाड्या आल्या, प्रवास सोपा झाला, आणि हळूहळू आप्तेष्ट मागे पडून ठिकाणे पुढे आली. आपल्याकडेही हा शब्द आणि ही चाल शहरांतून रुळत गेली. १९६७ साली ‘मधुचंद्र’ याच नावाचा मराठी चित्रपट निघाला, तोवर या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगण्याची गरज उरली नसावी.

पवित्र शास्त्रातही नवविवाहितांच्या पहिल्या दिवसांचा विचार आहे, आणि तिथेही भर काळावरच आहे. अनुवाद या ग्रंथातील एका नियमानुसार नुकतेच लग्न झालेल्या पुरुषाला लढाईवर धाडायचे नाही, त्याच्यावर दुसरे कोणतेही काम लादायचे नाही. एक वर्ष त्याने घरी मोकळे राहावे आणि आपल्या पत्नीला सुखी करावे, अशी ती आज्ञा आहे. एका लहानशा, शत्रूंनी वेढलेल्या समाजाने आपला एक धडधाकट शिपाई वर्षभर सोडून द्यावा, ही काही साधी गोष्ट नव्हे. आणि ही सवलत कशासाठी? पत्नीच्या आनंदासाठी. तिचा आनंद ही समाजाने जपण्याची गोष्ट आहे, हे त्या प्राचीन विधानाने मान्य केले.

तोबितच्या पुस्तकातील कथा तर आपल्या घरांत घडावी तशी आहे. तरुण तोबिया दूरदेशी जातो, तिथे रगुएलाच्या सारा नावाच्या कन्येशी त्याचा विवाह होतो, आणि सासरा त्याला चौदा दिवस ठेवून घेतो. ज्या वसुलीच्या कामासाठी तोबिया घरून निघाला होता, ते काम या दिवसांत त्याचा सोबती पार पाडतो. नवऱ्यामुलाला त्यासाठी उठावे लागत नाही. मात्र तिकडे म्हातारा बाप दिवस मोजत असतो आणि आई रोज वाटेकडे डोळे लावून बसते. चौदा दिवस संपल्यावर सासरा आणखी राहण्याचा आग्रह करतो, तेव्हा तोबिया नम्रपणे नकार देऊन पत्नीसह घराकडे निघतो. दोघांना लाभलेला निवांत काळही खरा आणि घरी दिवस मोजणारी माणसेही खरी. दोन्हींचे भान ठेवणे, हीच या प्रश्नाची खरी अडचण आहे.

हा विचार प्रत्यक्षात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. हा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्यातील आपली कुटुंबे संख्येने थोडी, पण आजूबाजूच्या समाजाच्या चालीरीतींत मिसळून गेलेली आहेत. येथे माणसे आपला पत्ता सांगताना आधी ‘घाटावरचे’ की ‘घाटाखालचे’ हे सांगतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, कापूस, मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. उत्तरेला सातपुड्याची रांग. समुद्र नाही, नावाजलेले थंड हवेचे ठिकाण नाही. उपवासकाळ आणि आगमनकाळ वगळून आपल्याकडे लग्ने धरली जातात, त्यामुळे पुष्कळ लग्ने पुनरुत्थान सणानंतर, म्हणजे भर एप्रिल-मे महिन्यांत येतात. घाटाखाली त्या दिवसांत अंगाची लाही लाही होते. अशा वेळी ‘कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊ’ असे तरुण जोडप्याला वाटले, तर ती चैन म्हणता येणार नाही. ती देहाची साधी मागणी आहे.

पर्याय तरी कोणते? वऱ्हाडातील माणसाला आधी अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आठवतो. सातपुड्याच्या कुशीतील हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. शेजारी गाविलगड आणि मेळघाटचे अरण्य. अजिंठ्याची लेणी जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपासून फार दूर नाहीत. जिल्ह्यातच लोणारचे सरोवर आहे. मलकापूर आणि शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर असल्याने मुंबई आणि तेथून पुढे गोवा गाठता येतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा यांच्या जवळून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हापासून विमानतळही जवळ आल्यासारखे वाटू लागले आहेत. थोडक्यात, आजोबांच्या पिढीला जे ठिकाण नकाशात दिसत होते, ते नातवाला तिकिटाच्या खिडकीत दिसते. पर्याय वाढले. परंतु पर्याय वाढले म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य वाढले, असे मात्र नव्हे.

कारण निवड करतो कोण? पुष्कळदा ती मित्रमंडळी करतात. ‘अमका काश्मीरला जाऊन आला, तू काय चिखलदऱ्याला जाणार?’ या एका वाक्याने मुलाचे मन फिरते. मग ठिकाण ठरते ते परतल्यावर दाखवायच्या छायाचित्रांसाठी. पूर्वी ही छायाचित्रे घरी आलेल्या पाहुण्यांपुढे ठेवली जात; आज ती त्याच संध्याकाळी दोनशे जणांच्या मोबाईलवर पोचतात. ज्या सहलीचा हेतू चार डोळ्यांपुरता होता, ती चारशे डोळ्यांसाठी आखली जाते. मुलाला आपण स्वतंत्रपणे निवडतो आहोत असे वाटते. वास्तविक तो हिणवले जाण्याच्या भीतीने निवडत असतो.

आणि मुलगी? तिला विचारले जाते, नाही असे नाही. ‘तुला कुठे आवडेल?’ असे मुलगा विचारतो. ती उत्तर देते: ‘तुम्ही म्हणाल तिथे.’ हे उत्तर ऐकून मुलगा सुखावतो, सासूबाईंना सून समंजस वाटते, मुलीच्या आईला आपण वळण चांगले लावले असे वाटते. सर्वांचे समाधान करणारे हे उत्तर आम्हांला मात्र अस्वस्थ करते. त्या तीन शब्दांत तीन निरनिराळे अर्थ दडलेले असू शकतात. एक, ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे, तुमच्यासोबत कुठेही मला आनंदच होईल.’ दुसरा, ‘मला काय आवडते याचा विचार करण्याची मला सवयच नाही; आजवर कुणी विचारले नव्हते.’ तिसरा, ‘मला सांगायचे आहे, पण सांगितले तर काय होईल याची भीती वाटते.’ शब्द तेच. पण पहिल्यात प्रेम आहे, दुसऱ्यात पोकळी आहे आणि तिसऱ्यात भय आहे. ऐकणाऱ्याने यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा?

येथे आपल्या धर्मपरंपरेने केलेला एक भेद उपयोगी पडेल. विवाहविधीत, वचने घेण्यापूर्वी, धर्मगुरू वधूवरांना विचारतात की तुम्ही कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वेच्छेने येथे आला आहात काय? १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे दोघांची संमती हीच विवाह घडवते, आणि ही संमती जगातील दुसरी कोणतीही सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. बळजबरीने किंवा गंभीर भयापोटी दिलेला होकार विवाहाला वैध करू शकत नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही! बाप नव्हे, भाऊ नव्हे, समाज नव्हे, खुद्द ख्रिस्तसभाही मुलीच्या वतीने ‘हो’ म्हणू शकत नाही. ज्या मुलीचा शब्द वेदीसमोर इतका मोलाचा मानला गेला, त्याच मुलीचा शब्द दुसऱ्या दिवशी बसच्या तिकिटापुरताही लागू नये, ही विसंगती नव्हे काय? वेदीसमोर घेतलेली संमती ही एका दिवसाची औपचारिकता नसून सहजीवनाची रीत आहे, असे जर आपण मानत असू, तर ती रीत पहिल्याच प्रवासापासून पाळली पाहिजे.

यावर कुणी रूथचे उदाहरण देईल. लग्नप्रसंगी तिच्या वचनाची आठवण अनेकदा काढली जाते: जिथे जाशील तिथे सोबत येण्याचा तिचा निर्धार. ‘तुम्ही म्हणाल तिथे’ ही त्याचीच मराठी आवृत्ती नव्हे का? आमचे उत्तर असे की ती कथा नीट वाचावी. पहिली गोष्ट, रूथने ते वचन नवऱ्याला दिलेले नाही, विधवा सासूला, नामीला दिले आहे. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की नामीने तिला आधी परत जाण्याची मुभा दिली होती. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. दुसरी सून अर्पा त्या मुभेप्रमाणे माहेरी परतली आणि तिला कुणी दूषण दिले नाही. परतीची वाट खरोखर मोकळी होती, म्हणूनच रूथचे सोबत येणे हे दान ठरले. जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथे ‘हो’ या शब्दाला काही किंमत उरत नाही. ‘तुम्ही म्हणाल तिथे’ हे प्रेमाचे उत्तर होऊ शकते. पण ‘मला तिथे जायचे नाही’ हे उत्तरही त्या घरात तितक्याच शांतपणे ऐकले जाणार असेल तरच.

दुसरा एक आक्षेप अधिक गोड आहे. नवऱ्याने गुपचूप तिकिटे काढून पत्नीला आश्चर्याचा धक्का द्यावा, यात काय वाईट? भेट ही तर न सांगताच द्यायची असते! आम्ही भेटवस्तूंच्या विरोधात नाही. परंतु साडी न सांगता आणता येते, कारण ती नाही आवडली तर कपाटात ठेवता येते. आयुष्यातले पहिले आठ दिवस कपाटात ठेवता येत नाहीत. जिला घाटात गाडी लागते, तिला वळणावळणाच्या रस्त्याने नेणे. जिला पाण्याची भीती, तिला नावेत बसवणे. जिला थंडी सोसत नाही, तिला बर्फात उभे करणे. आणि वर तिच्याकडून आनंदित चेहऱ्याची अपेक्षा ठेवणे, यात देणाऱ्याचा उत्साह असेल, पण ओळख नाही. खरे आश्चर्य द्यायचे तर आधी पुष्कळ ऐकावे लागते. तिने कधीतरी सहज सांगितलेले असते की शाळेच्या सहलीला पैसे नव्हते म्हणून समुद्र पाहायचा राहिला. ते लक्षात ठेवून काढलेले तिकीट ही भेट होय. बाकीचे सगळे स्वतःच्याच हौसेला दिलेले दुसऱ्याचे नाव.

ठरवून केलेल्या विवाहांत अडचण आणखी वाढते, हे आम्ही जाणतो. दोघांची ओळख दोन-चार भेटींची. नव्या घरात मुलीने पहिल्याच आठवड्यात आपले मत कसे मांडावे? म्हणूनच विचारण्याची जबाबदारी मुलावर अधिक येते, आणि केवळ विचारून ती संपत नाही. उत्तर देता येईल अशा रीतीने विचारावे लागते. ‘तुला काय वाटते?’ या उघड्या प्रश्नापुढे संकोची माणूस गप्प होतो. त्याऐवजी त्याने स्वतःचे मन आधी मोकळे करावे. ‘माझ्याजवळ इतके पैसे आहेत. मला गर्दी आवडत नाही. मित्र हसतील अशी थोडी भीतीही वाटते. आता तू सांग.’ ज्याने स्वतःची भीती आधी सांगितली, त्याच्यापुढे दुसऱ्याला आपली भीती सांगणे सोपे जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसृत केलेल्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात दांपत्यांना वेळ काढून, घाई न करता, एकमेकांचे सगळे बोलणे ऐकून घेण्याची तळमळीने सूचना केली आहे. त्या शिकवणीचा पहिला धडा याहून सोप्या विषयावर कुठला मिळणार?

‘माझ्याजवळ इतके पैसे आहेत’ हे वाक्य आम्ही मुद्दाम पहिले ठेवले. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. कर्ज हा शब्द या मातीत हलक्याने उच्चारण्याचा नाही. कापूस किंवा सोयाबीन घरात येण्याआधीच त्याचा पैसा वाटला गेलेला असतो, आणि लग्नखर्च त्या वाटपात मोठा हिस्सा घेतो. अशा घरातील मुलाने हप्त्यांवर दूरची सहल आखली, तर पहिल्या आठ दिवसांचा आनंद पुढची दोन वर्षे फेडावा लागतो. आणि फेडताना बायकोचे दागिने दिसू लागतात. त्याहून क्लेशदायक प्रकार म्हणजे काही घरांत सहलीचा खर्च मुलीच्या वडिलांनी करावा, अशी मोघम अपेक्षा व्यक्त केली जाते. त्याला कुणी हुंडा म्हणत नाही, ‘हौस’ म्हणतात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, पण नाव बदलले की आपले मन निर्धास्त होते. जी मुलगी आपल्या बापाने कर्ज काढून दिलेल्या पैशांवर प्रवास करते, ती प्रत्येक जेवणाचे बिल मनात मोजत असते. तिला ‘तुला काय खायचे?’ असे विचारून काय उपयोग?

आता दिवस मोजणाऱ्या आईवडिलांविषयी. नव्या जोडप्याने एकांतात राहावे, हे काही घरांना अजून पटत नाही. ‘सगळेच जाऊ, स्वस्त पडेल’ म्हणून गाडी भरते आणि नवरीच्या मांडीवर नणंदेचे मूल बसते. काही आयांनी वेलांकणीचा नवस बोललेला असतो. तो फेडण्याचे काम नवदांपत्यावर सोपवले जाते. यात्रा ही उत्तम गोष्ट आहे. शेजारी हिंदू घरांतूनही नवी जोडपी कुलदैवताला किंवा शेगावला दर्शनासाठी जातात, आणि त्यामागचा कृतज्ञतेचा भाव आदरणीय आहे. दोघांना मनापासून वाटत असेल, तर त्यांनी वेलांकणीला अवश्य जावे. पण आईचा नवस आईने फेडावा. देवाला दिलेला शब्द दुसऱ्याच्या रजेतून चुकता करणे योग्य नव्हे. उलट, मुलांनीही तोबियाचे स्मरण ठेवावे. पोचल्याचा निरोप द्यावा, ठरल्या दिवशी परतावे. घरी वृद्ध आजारी असेल तर दिवस कमी करावेत. एकांत मागण्याचा हक्क आणि परतण्याचे कर्तव्य ही एकाच शब्दाची दोन टोके आहेत.

वाचकांस वाटेल की आम्ही आता ‘जवळच जा, लोणारला जा’ असा उपदेश करणार. लोणारविषयी आम्हांला ममत्व आहे हे खरे. उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, तळाशी खारे पाणी आणि वर काठावर मात्र बारमाही गोड्या पाण्याची धार. गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीवकाम. जून २०२० मध्ये खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवांमुळे सरोवराला आलेला गुलाबी रंग आणि त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत झालेला त्याचा समावेश, हे सारे आपल्या दारात आहे. जगभरचे अभ्यासक जिथे येतात, तिथे मेहकरच्या मुलाला जायची लाज वाटावी, याचे आम्हांला नवल वाटते. पण आमचा मुद्दा जवळ-दूरचा नाही. नवऱ्याने कंजूषपणाने लादलेले लोणार आणि त्याने फुशारकीने लादलेले काश्मीर यांत आम्ही फरक करत नाही. दोघांनी बोलून, आपल्या पैशांत, आपल्या मनाने ठरवलेले सिमलाही चांगले आणि चिखलदराही चांगला. ठिकाण दोघांचे असले, की त्याचे दोषही दोघांचे होतात. खोली गळकी निघाली, पाऊस लागला, सरोवर धुक्यात दडले, तर ‘तुम्ही आणलेत’ असे म्हणायला जागा उरत नाही. ‘आपण आलो’ असे म्हणून दोघे हसतात.

मोठा धोका पुढे असतो. सहल आठ दिवसांत संपते, पण ‘कुठे जायचे’ हा प्रश्न संपत नाही. बदली झाली तर कोणत्या गावी राहायचे, मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, शेताचा तुकडा विकायचा की ठेवायचा, म्हाताऱ्या आईला कुणाकडे ठेवायचे; रूप बदलून तोच प्रश्न येत राहतो. पहिल्या वर्षी ‘तुम्ही म्हणाल तिथे’ असे गोड वाटणारे उत्तर दहाव्या वर्षी ‘तुमचे तुम्हीच ठरवा’ असे होते, आणि विसाव्या वर्षी ‘मला कशाला विचारता?’ असे कडवट होऊन बाहेर पडते. नवऱ्याला वाटते, ही बदलली. ती बदललेली नसते. तिला न विचारण्याची सवय जुनी झालेली असते.

आपल्या धर्मग्रामांतून विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग होतात. तिथे वधूवरांना एक लहानसा अभ्यास देता येईल. दोघांनी वेगवेगळे बसून एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: मला कुठे जावेसे वाटते, का वाटते, आणि त्यासाठी आपण किती खर्च करू शकतो. मग चिठ्ठ्या बदलाव्यात आणि वाचून होईपर्यंत कुणी काही बोलू नये. चिठ्ठ्या जुळल्या तर छानच. नाही जुळल्या तर घाबरण्याचे कारण नाही. संसाराला लागण्यापूर्वी दोघांना बोलायला एक खरा विषय मिळाला.